अक्काचं पहिलं नको

आमच्या शेजारच्या इंगवले सरांकडे तुम्ही गेलात, तर चहा मिळण्याआधी तुम्हाला चहाविषयी संपूर्ण माहिती मिळेल. दूध म्हशीचं आहे. साखर भरपूर पडेल. पित्त असेल तर छातीत जळजळ होण्याची शक्यता आहे. चहाऐवजी ताक हा पर्याय आहे. हे सांगून झालं की सर चष्मा वर सरकवतात आणि शांतपणे म्हणतात, "नाही म्हणालात तरी आपल्या संबंधांत काही फरक पडणार नाही." आणि तुम्ही भिडेपोटी "कशाला उगाच, नको" म्हणालात, तर खरोखरच चहा येत नाही. तुमचे आजोबा पहिल्या भेटीत असेच कोरडे परत आले आणि घरी येऊन स्वतःच आधण ठेवायला लागले.

तुम्ही दोघं नातवंडं ज्या देशांत राहता तिथे यात काही नवल नसेल. तिथे नको म्हणजे नकोच. कोल्हापुरात तसं नाही. इथे पहिलं नको म्हणजे चांगलं वळण, दुसरं म्हणजे थोडा संकोच, आणि तिसऱ्यांदा माणूस नको म्हणाला तर त्याला बरंबिरं नाही की काय, अशी चौकशी होते. यजमानानं आग्रह करायचा आणि पाहुण्यानं हरायचं, अशी इथली रीत आहे. अशा गावात इंगवले सरांनी उभा जन्म काढला, आणि उतारवयात नकारावरच संशोधन मांडलं.

खरं तर ते गणिताचे प्राध्यापक. पण गणित सोडवण्यापेक्षा गणित मुळात आहे कुठे, हा त्यांचा ध्यास. आमच्या कसबा बावड्यात थंडीच्या सकाळी नदीवरून धुकं येतं, साखर कारखान्याचा गोडसर धूर त्यात मिसळतो आणि समोरचं घरसुद्धा आठवणीतल्यासारखं दिसायला लागतं. अशा वेळी सर मफलर गुंडाळून फाटकाशी उभे असतात. एकदा मी दूध घ्यायला बाहेर आले, तर म्हणाले, "वहिनी, त्या पेरूवर पाच पेरू आहेत. आता धुक्यात दिसत नाहीत. मोजायला कुणी नसताना ते पाचच आहेत का?"

मी म्हटलं, असावेत. ते म्हणाले, "असावेत. बरोबर," आणि धुक्याकडे असे बघत राहिले, जणू उत्तर तिकडूनच चालत येणार होतं.

निवृत्तीनंतर शहरातल्या एका इस्पितळानं त्यांना आपल्या नीतिसमितीवर घेतलं. नवी औषधं रोग्यांवर तपासायची, तर रोग्याला सगळं समजावून त्याची संमती घेतली की नाही, हे ही समिती पाहते. तिथे डॉक्टर नसलेलं एक माणूस लागतं. सर तिथे असे रमले की घरीदारी तीच भाषा. भाजीवालीला ते आधी सांगत की मी मेथी घेईनच असं नाही. मग माणसं डॉक्टरांपुढे मनात नसताना हो का म्हणतात, या कुतूहलानं त्यांनी मानसशास्त्र वाचायला घेतलं. शेवटी तिन्ही विषय एकत्र करून त्यांनी एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा, की पहिला नकार आणि दहावा नकार यांची किंमत एकच असते. पहिला कच्चा आणि दहावा पक्का, असं काही नसतं.

गणितवाल्यांनी निबंध परत पाठवला, की हा विषय मानसशास्त्राचा. मानसशास्त्रवाल्यांनी कळवलं, हे वैद्यकीय नीतीत बसतं. नीतीवाले म्हणाले, यात गणित फार आहे. सर मला आनंदानं सांगत होते, "तिघंही नाही म्हणाले. तिघांचाही नकार मान्य आहे."

कोडोलीला एका लग्नात तर त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि वाढप्याला सांगितलं की माझं नको अंतिम आहे. वाढप्या म्हणाला, "पावणं, लाजू नगा," आणि तांबडा रस्सा त्यांच्या हातांवरच ओतला. हात पोळले, तरी परतीच्या वाटेवर सर वाढप्याचीच बाजू मांडत होते. त्याच्या मते त्यानं प्रेमच केलं होतं.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला सगळी आळी अक्का म्हणते. सरांची आई लवकर गेली. अक्कानं भावाला वाढवलं आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. सरांचंही झालं नाही. अक्काचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. "त्या आकड्यांला ऱ्हाऊ दे उपाशी, तू जेव आधी," हे आम्ही रोज ऐकतो.

गेल्या हिवाळ्यात अक्का परसातल्या धुण्याच्या दगडापाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, स्पष्ट बोलणारी. शस्त्रक्रिया लवकर केली तर अक्का चालेल. नाही केली तर अंथरुणाला खिळेल, आणि या वयात खिळलेलं माणूस फार टिकत नाही.

सरांनी अक्काला कागदावर हाड काढून दाखवलं. भूल, धोका, फायदा, सगळं सांगितलं. मग विचारलं, करायचं का?

"नको," अक्का म्हणाली. "हाय तसं बरं हाय."

"ठीक आहे," सर म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

जयसिंगपूरहून आलेला त्यांचा चुलत पुतण्या संभाजी खवळला. म्हातारीला काय इचारत बसायचं, सही करा की काका, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. सर एवढंच म्हणाले की हाड तिचं आहे. नकाराचं कारण विचारणं हासुद्धा एक दबावच, हा समितीचा नियम, म्हणून कारणही विचारलं नाही. दोन दिवस ते तिच्या उशाशी बसून राहिले. तोंड उतरलं होतं, दाढी वाढली होती. डॉक्टरीण येऊन बघायची आणि आणखी उशीर नको, असं बजावून जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. सर औषधं आणायला खाली गेले होते. अक्कानं मला जवळ बोलावलं. एरवीचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"बाई, ह्यानं येकदाच इचारलं बगा. मी नको म्हटलं, तर बरं म्हणून गप बसला. दारच्या पावण्याला भाकरीसुदीक तीनदा इचारत्यात की. म्हंजी ह्यालाच मी नको झालीया. ऱ्हाऊ दे. त्यो तरी मोकळा हुईल."

मी पेज तशीच ठेवून जिन्याकडे गेले. सर वर येत होते, औषधांची पिशवी छातीशी धरून. मी त्यांना अक्काचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ते पायरीवरच बसले. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धुळीचे कण सावकाश वरखाली होत होते. ते त्या कणांकडे बघत होते. मोजत मात्र नसावेत.

"अक्का पाचवीत होती," ते म्हणाले. "वर्गात पहिली. आई गेली, मी लहान. घरी कुणीतरी हवं होतं. आबांनी, आमच्या वडिलांनी, तिला विचारलं, शाळा सोडतेस का. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा विचारलं. मग रोज. एक दिवस ती काही बोलली नाही, नुसती भाकरी मोडत राहिली. आबा म्हणाले, झाली तयार." मग म्हणाले, "वहिनी, मी जे काही शिकलो ते त्या गप्प बसण्यावर. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारत नाही. कुणालाच."

मी म्हटलं, "सर, तिकडे अक्का वाट बघतायत."

ते उठले. खाटेपाशी जाऊन नुसते उभे राहिले. अखेर म्हणाले, "अक्का, ऑपरेशन कर."

"नको म्हटलं न्हवं?"

"तरी कर."

"कशापायी?"

ज्या माणसाकडे कशाचीही कारणं पुस्तकांसकट असत, त्याला एकही सुचेना. मग ते आजवर मी त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या बोलीत म्हणाले, "मला तू पायजेस की गं घरात."

अक्का छताकडे बघत राहिली. डोळ्याच्या कडेनं पाणी कानात गेलं, ते तिनं पुसलं नाही. "मग हे आदी सांगाय काय झालतं," ती म्हणाली. "बलीव त्या डाक्टरनीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत न्यायच्या आधी सरांनी डॉक्टरणीला गाठलं. ही संमती मी गळ घालून मिळवली आहे, तशी नोंद करा, असं ते म्हणत होते. चाकांच्या खाटेवरून अक्का हे ऐकत होती. नर्सनं कवळी काढून घेतल्यामुळे तिचे शब्द मऊ आणि सुटे सुटे येत होते.

"आबा इचारत हुते ते मला गप करायला. तू इचारलंस ते मी ऱ्हावं म्हणून. यवडं शिकलास, आन ह्ये कळंना व्हय तुला?"

नर्सनं कवळी सरांच्या हातात दिली, खाट आत गेली आणि दार मिटलं. ऑपरेशन नीट पार पडलं, हे आम्हाला दुपारी कळलं. तोवर ते बाकावर बसून होते. कवळी त्यांनी रुमालात गुंडाळली होती आणि दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरली होती. चिमणीचं पिल्लू सापडलं की लहान मुलं धरतात ना, तशी.