माईकवर दिलेलं घर

पुंडलिकरावांच्या पश्चात घरात तीन गोष्टी उरल्या होत्या: बोरगाव मेघेतलं दुमजली घर, रोहण्याचं मक्त्यानं कसायला दिलेलं वावर आणि पत्र्याची पेटी भरून कॅसेटी. घर कोकिळाबाई सांभाळत, वावर मक्तेदार सांभाळत होता आणि कॅसेटींना कुणी विचारत नव्हतं. सगळं कसं शांत चाललं होतं. मग रूपरावांना वडिलांचा वारसा सांभाळायची हुक्की आली.

पुंडलिकराव म्हणजे खंजिरीवरचे भजनसम्राट. एके काळी वर्धा जिल्ह्यात लग्न असो, बारसं असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा, भोंग्यावर त्यांचा आवाज आल्याशिवाय कार्याला रंग चढत नसे. हे घर त्या आवाजाच्या कमाईचं. मुलाला, म्हणजे रूपरावांना, तोच आवाज मिळाला होता, पण त्यांनी तो सरकारी कचेरीतल्या निरोप समारंभांपुरता ठेवला होता. सूनबाई कोकिळा यांचं नाव सोडलं तर त्यांचा गाण्याशी काही संबंध नव्हता. त्यांचा जीव होता घरावर. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळा दगडसुद्धा त्यांनी स्वतः दुकानात उभं राहून, हात फिरवून निवडला होता. घर मात्र अजून सासऱ्यांच्याच नावावर होतं. फेरफार करू, करू म्हणत रूपरावांनी वर्ष घालवलं होतं.

पहिली पुण्यतिथी जवळ आली, तेव्हा रूपरावांच्या लक्षात आलं की बाबांची भजनं कुणीही उठून यूट्यूबवर टाकतो आणि वाहवा मिळवतो. वारस जिवंत असताना हे बरं नाही, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. मुलगी समीक्षा कॉलेजात होती. तिनं जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, आबांच्या नावानं चॅनेल काढला आणि पेटीतली हाताला लागली ती पहिली कॅसेट चढवली. पुलगावच्या जत्रेतला कार्यक्रम होता. रूपरावांनी ती कॅसेट ऐकली नाही, कारण लहानपणापासून ऐकून त्यांना सगळी भजनं पाठ होती. समीक्षानं ऐकली नाही, कारण टेप चालू होता तेव्हा तिच्या कानात दुसरंच काही चालू होतं.

लोकांनी मात्र ऐकली. दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई ओट्याशी उभ्या राहून कौतुकानं एकेक अभिप्राय वाचत होत्या. कुणी लिहिलं होतं, आवाज असावा तर असा. कुणी लिहिलं होतं, डोळे भरून आले. आणि एकानं लिहिलं होतं, 'चौथ्या भजनानंतर ऐका. ढोलकीवर खूश होऊन राहतं घर देऊन टाकलं. असा दिलदार कलावंत पुन्हा होणे नाही.'

कोकिळाबाईंनी गॅस बंद केला.

चौथ्या भजनानंतर खरोखरच टाळ्यांच्या कडकडाटात पुंडलिकरावांचा भरून आलेला आवाज होता, "तानबा, आज तुह्या ढोलकीनं माहा जीव काढला. माहं बोरगावचं घर आजपासून तुहं. समोर बसेल मंडळीनं ऐकून ठेवा." मंडळींनी ऐकून ठेवल्याची खूण म्हणून आणखी टाळ्या वाजवल्या आणि पाचवं भजन सुरू झालं.

तानबा म्हणजे पुंडलिकरावांचा आयुष्यभराचा ढोलकीवाला. जाम या गावी राहायचा. आता थकला होता, पण होता.

"हे काहाडून टाक पयले," कोकिळाबाई मुलीला म्हणाल्या.

समीक्षानं ते काढलं. तिथंच चुकलं. राहिलं असतं तर चार म्हाताऱ्यांनी ऐकून सोडून दिलं असतं. काढलं म्हटल्यावर लोकांना वाटलं, यात काहीतरी आहे. ज्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं त्यांनी बरोबर तेवढाच तुकडा कापला आणि भजनी मंडळांच्या ग्रुपवर सोडला. संध्याकाळपर्यंत तो आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत फिरून पुन्हा रूपरावांच्याच मोबाइलवर आला, तोही त्यांच्या साहेबांकडून, खाली हात जोडलेले.

मग एका स्थानिक पत्रकाराचा फोन आला. वडिलांच्या शब्दाबद्दल आपलं काय म्हणणं आहे, असं त्यानं विचारलं. कोकिळाबाई समोर उभ्या राहून दोन्ही हातांनी नको नको करत होत्या. पण रूपरावांचा एक स्वभाव होता. कुणी ऐकतंय म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप खाली बसायचा, गळा भरून यायचा आणि तोंडातून मोठी वाक्यं निघायची. ते म्हणाले, "बाबांचा शब्द, तोच आमचा शब्द." दुसऱ्या दिवशी पेपरात हेच वाक्य त्यांच्या फोटोसह छापून आलं. मथळा होता, 'भजनसम्राटाचा पुत्र वडिलांचं वचन पाळणार.'

"तुमी बोलले काऊन?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"आता त्यानं इचारलं, तं का म्हनू? घर देत नाई म्हनू? बाबाच्या पुण्यतिथीच्या तोंडावर?"

"हो. असंच म्हनाचं होतं."

बातमी वाचून भजनी मंडळाचे अध्यक्ष विवेकराव अभिनंदन करायला घरी आले. पुण्यतिथीच्या कार्यक्रमातच, सगळ्यांच्या साक्षीनं, तानबांना घराची किल्ली द्यायची असं मंडळानं ठरवलं होतं. खरी किल्ली मागं बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून थर्माकोलची एक मोठी किल्ली करायला टाकलीसुद्धा होती. सोनेरी रंग द्यावा की चंदेरी, एवढंच विचारायचं राहिलं होतं. रूपरावांनी सोनेरी सांगितलं. कोकिळाबाई उठून आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या.

त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी नवऱ्याला ओढून वकिलाकडे घेऊन गेल्या. वकील समजूतदार होता. त्यानं सांगितलं की घर असं माईकवरून देता येत नाही. त्याला बक्षीसपत्र लागतं, नोंदणी लागते. कायद्यानं तुमच्या घराची वीटसुद्धा हलत नाही, तुम्ही फक्त 'आम्ही देत नाही' असं चारचौघांत सांगा. कोकिळाबाईंना तेवढ्यापुरता धीर आला. बाहेर पडून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तो गेला. कायदा त्यांच्या बाजूनं होता, पण चारचौघांत बोलायचं होतं ते रूपरावांना.

आणि अशातच खुद्द तानबांचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले. फोनवर सांगता येण्यासारखं नाही, समोर बसून बोलावं लागेल, प्रफुल पण सोबत आहे. प्रफुल म्हणजे त्यांचा मुलगा. म्हातारा एकटा आला असता तर चहा-पाण्यावर निभावलं असतं. मुलाला घेऊन येतो म्हणजे मोजमाप करायलाच येतो, याबद्दल कोकिळाबाईंच्या मनात शंका उरली नाही.

रविवारी सकाळी त्यांनी आयुष्यात प्रथमच घर झाडलं नाही. दिवाणखान्यात पंख्याखाली बादली ठेवली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यामागची भेग उघडी केली. पायऱ्यांवरचा दिवा काढून ठेवला. सासूबाई सुलोचनाबाई खुर्चीत बसून शेंगा सोलता सोलता हे सगळं बघत होत्या.

"बादली काऊन ठिवली वो?" त्यांनी विचारलं.

"छत गळते, आई."

"एप्रिलात?"

"टाकी गळते," कोकिळाबाई म्हणाल्या आणि बादलीत तांब्याभर पाणी ओतून आल्या. सुलोचनाबाईंनी पुन्हा शेंगांकडे लक्ष वळवलं.

तानबा आले ते चारचाकीतून. धोतर, टोपी, हातात संत्रा बर्फीचा डबा. मागून प्रफुल आला. पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं भरलेला, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बसल्या बसल्या तो भिंतींकडे, छताकडे, जिन्याकडे पाहायला लागला. त्यानं एकदा बादलीकडे पाहिलं तेव्हा कोकिळाबाईंनी संधी साधली. टाकी कशी गळते, नळाला पाणी कसं येत नाही, कर कसा वाढला, शेजारी कसे भांडखोर आहेत, हे त्यांनी न थांबता सांगितलं. शेजारीण त्याच वेळी दारात येऊन हसतमुखानं कढीपत्ता देऊन गेली, पण कोकिळाबाई थांबल्या नाहीत. आयुष्यात ज्या घराला त्यांनी कुणाला नावं ठेवू दिली नाहीत, त्याची त्या स्वतःच्या तोंडानं निंदा करत होत्या आणि आतून त्यांना रडू येत होतं.

तानबांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"रूपराव," ते म्हणाले, "थे पुलगावची कॅसेट. तिची दुसरी बाजू लावली का तुमी?"

"नाई, काका."

"समदी नाई, पन थोडीशीक?"

"नाई. काऊन?"

तानबांनी मुलाकडे पाहिलं. प्रफुलनं डोळे मिटून घेतले. "मंग लावू नका, बापू," तानबा म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. आता तुमच्यापासून का लपवाचं? पुंडलिकभाऊनं मले घर देल्लं, तं माहंबी मन भरून आलं. एवढा मोठा मानूस आपल्याले राहतं घर देते आन् आपुन चूप बसाचं? म्या माईक घेतला आन् माहं जामचं वावर त्याईले देऊन टाकलं."

रूपराव खुर्चीत पुढे सरकले.

"तवा थे बरड होतं. बकरी उभी राहे नाई तिथं," तानबा खाली मान घालून म्हणाले. "मंग हायवे आला."

पुढचं प्रफुलनं सांगितलं. त्या बरडावर आता त्याचं हॉटेल होतं, टायरचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला मंगल कार्यालयाचं बांधकाम चालू होतं. घराचा तुकडा मोबाइलवर आला त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. त्यात पेपरात आलं की रूपराव वडिलांच्या शब्दाचे पक्के आहेत. शब्दाचा पक्का माणूस देताना पक्का असतो तसा घेतानाही असणारच, असा त्यानं हिशेब मांडला होता. "दादा, मले तुमचं घर नाई पाह्यजे," तो हात जोडून म्हणाला. "थर्माकोलची किल्लीबी नाई पाह्यजे. फकस्त थे दुसरी बाजू लावू नका."

रूपराव काही बोलण्याआधी सुलोचनाबाईंना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की शेंगांचं सूप मांडीवरून घसरलं. पुंडलिकराव आणि तानबा दर कार्यक्रमात एकमेकांना असंच देत, त्यांनी सांगितलं. देवळीला घर दिलं, हिंगणघाटला बैलजोडी दिली, आर्वीला तर पुंडलिकरावांनी लग्नातली अंगठी दिली, आणि ती अजून त्यांच्या, म्हणजे सुलोचनाबाईंच्या, पेटीत आहे. सकाळी एसटी स्टँडवर चहा झाला की घर ज्याचं त्याचं आणि वावर ज्याचं त्याचं. तानबांनी लाजून मान हलवली. तसंच होतं, फक्त इतक्या वर्षांनी पोरं ते खरं मानतील की काय, याची भीती वाटली, असं ते म्हणाले.

"आई, तुमी हे आधी काऊन नाई सांगतलं?" कोकिळाबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"मले कोनं इचारलं? तुमी तं वकिलाले इचारलं."

कोकिळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं तेव्हा त्यांना कळलं की ते किती जड होतं. त्या उठल्या, बादली उचलून न्हाणीघरात रिकामी केली, कॅलेंडर भेगेवर लावलं आणि प्रफुलला म्हणाल्या की टाकी मुळीच गळत नाही आणि पाणी दोन्ही वेळ येतं. मग कॅसेट आणून त्याच्या हातात दिली. प्रफुलनं ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून गुंडी लावली.

विवेकरावांचा प्रश्न तानबांनी जागच्या जागी सोडवला. फोन लावून सांगितलं की घर मिळालं होतं, ते त्याच आठवड्यात सुलोचनावहिनीला परत केलं, आता किल्ली कशाची देता? विवेकराव थर्माकोलबद्दल हळहळले, पण मग तानबांच्या मोठ्या मनाचा सत्कार करायचं ठरवून त्यांनी फोन ठेवला.

मग चहा झाला, बर्फी फुटली, शेंगा भाजल्या गेल्या. सगळे इतके हलके झाले होते की कुणीतरी भिंतीवर टांगलेली जुनी ढोलकी खाली काढली. तानबांनी सवयीनं थाप मारून पाहिली आणि रूपरावांना राहवेना. ते गायला लागले. कचेरीत गायचे तसं नाही, तर मोकळ्या गळ्यानं, बापाच्या आवाजात. तानबांची थकलेली बोटं बघता बघता पळायला लागली. सुलोचनाबाईंनी डोळे पुसले. समीक्षानं मोबाइल काढून उभा धरला. प्रफुलसुद्धा पहिल्यांदाच पाठ टेकून बसला.

शेवटची थाप पडली. रूपरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तानबांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचा आवाज खाली बसला.

"तानबाकाका," ते म्हणाले, "या हातावरून आज म्या माहं..."

कोकिळाबाईंनी अख्खी बर्फी त्यांच्या तोंडात कोंबली. तिकडे तानबांचंही तोंड उघडलं होतं, तर प्रफुलनं मागून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"समीक्षा," बोटं न काढता कोकिळाबाई म्हणाल्या, "थो मोबाईल बंद कर पयले. मंग तुह्या बाबाले बोलू देतो."