डाव्या सीटखालच्या पाण्याचे निदान

पाणी आत शिरले की माणसे बाहेर जमतात. हा नियम घराला, होडीला आणि कुठल्याही संस्थेला सारखाच लागू आहे. आंजर्ल्याच्या अलीकडच्या वाडीत राहणाऱ्या दादू खलाशाच्या पांढऱ्या गाडीने तो नव्याने सिद्ध केला, एवढेच.

दादूची अडतीस वर्षे जहाजावर गेली. समुद्राचे पाणी समुद्रातच ठेवायचे हे त्याचे काम, आणि ते त्याने चोख केले. (एक जहाज बुडाले, पण तेव्हा तो रजेवर होता.) गावी परतल्यावर त्याने खेडहून एक जुनी गाडी आणली, कारण बायकोला, म्हणजे गोदूबाईंना, गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. गाडी अंगणात फणसाखाली उभी राहू लागली. श्रावणात एका सकाळी गोदूबाई पुढच्या डाव्या सीटवर बसल्या आणि त्यांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले.

"अवो, ह्यात मासे पाळल्यात काय?"

"पावसाचं असंल गो थोडं," दादू म्हणाला.

"थोडं? येत्या सोमवारी दापोलीला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. तोवर गाडी सुकली तर गाडीनं, नायतर आपली एसटी. ओल्या पायांनी डाक्टरपुढं मी जायची नाय."

दादूच्या जिवाला हे लागले. सोमवारला सहा दिवस होते. जहाजावर टाकीतले पाणी रोज मोजून लिहून ठेवायची रीत असते; त्याने लगेच वही काढली. 'मंगळवार, सकाळी सात: अडीच बोटे. वास: सुकटीचा.'

वही निघाली म्हणजे समिती आलीच. संध्याकाळी चहाला येणारी मंडळी आपोआप सभासद झाली. त्यांत तीस वर्षे गावातली घरे शाकारणारा बाबल्या होता, मुंबईहून रजेवर आलेला आणि मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिलेला दादूचा पुतण्या रितेश होता. उरलेल्यांना या विषयातले काहीच कळत नव्हते, त्यामुळे ते मोकळेपणाने बोलत.

बाबल्याच्या मते पाणी टपातून येत होते, कारण पाणी वरूनच येते. दादूच्या मते तळातून, कारण जहाजात पाणी खालूनच येते. रितेशच्या मते सेन्सर गेला होता, कारण हल्ली सेन्सरच जातो. एका सभासदाने पाणी चाखून ते गोडे असल्याचा अहवाल दिला. समुद्रावरचा संशय फिटला.

शुक्रवारपर्यंत एकूण निदाने सतरा झाली आणि उपाय नऊ. नऊच्या नऊ उपायांना गुण आला (प्रत्येक उपायानंतर पाऊस तासभर थांबला होता). पाणी तीन बोटे.

शनिवारी रितेशने शास्त्रीय पद्धत मांडली. खालचे कार्पेट काढून वाळवायचे. मग एकाने बाहेरून पाईपने पाणी मारायचे, खालून वर, एकेका भागावर थोडा थोडा वेळ. दुसऱ्याने आत बसून विजेरीने बघायचे. पाईप धरायला सात जण पुढे आले. आत बसायला कोणी आले नाही.

"आत पुरुषाचं काय काम?" बाबल्या म्हणाला. "घर शाकारताना वर मी असतो, नि खालनं घरातली बाई काठीनं दाखवते, इथं गळतंय म्हणून. वयनी, बसा तुम्ही."

गोदूबाई पाय वर घेऊन बसल्या. (या नेमणुकीची वहीत नोंद नाही.)

"दारातनं येतंय?" बाहेरून आरोळी आली.

"नाय."

"काचेतनं?"

"नाय. जरा खाली मारा, त्या वायपरांच्या बुडाशी. हां... थांबा, थांबा! ही बघा धार लागली, डॅशबोर्डाच्या खालनं!"

वायपरांखालची जाळी उचलली. आत फणसाची कुजलेली पाने निघाली, दोन ओंजळी. पाणी वाहून जायचे भोक त्यांनी बुजले होते. पाने काढली, भोक मोकळे केले, पाणी सरळ चाकामागे जमिनीवर पडू लागले. सगळ्याला अकरा मिनिटे लागली.

"एवढंच होतं?" गोदूबाईंनी विचारले.

हा प्रश्न समितीला आवडला नाही. सतरा निदाने, तीही जाणत्या माणसांची, एकदम खोटी कशी ठरतील? साधकबाधक विचार होऊन ठरले की सदर शोध तात्पुरता मानावा. साक्षीदाराला मोतीबिंदू असल्याने केवळ तिच्या नजरेवर विसंबणे धोक्याचे आहे. खबरदारी म्हणून डावे दार पक्के करावे.

ते काम दादूने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. होडीच्या फळ्यांच्या फटीत ठोकतात तसा त्याने दाराच्या चारी फटींत कापूस ठोकला आणि वरून गरम डांबर भरले. रविवार त्यात गेला. बायकोचे पाय या जन्मात पुन्हा भिजायचे नाहीत अशा मायेने केलेले काम होते. नवी होडी बांधणारानेही मान डोलावली असती.

रात्रभर पाऊस कोसळला. सोमवारी सकाळी वहीत नोंद झाली: 'पाणी: शून्य. वास: डांबराचा.' दादू इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या दाराशी उभा राहिला आणि त्याने दार ओढले. मग बाबल्याने ओढले. मग रितेशने ओढले, तेव्हा मूठ तेवढी बाहेर आली.

गोदूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पिशवी उचलली.

"आता तुमची गाडी बुडायची नाय हो," त्या म्हणाल्या. "पण माणसानं चढायचं कुठनं?"

फाट्यावर एसटी आली. कंडक्टरने हात दिला, मागून एका बाईने आधार दिला, आणि गोदूबाई पायरी चढल्या. दापोलीपर्यंत एसटीच्या मागोमाग दादूची गाडी होती, डावी सीट कोरडी ठणठणीत.

मागच्या सीटवर बसवून न्यायचे होते ना, असे वाचकांच्या मनात केव्हाचे आले असेल. सूचना उत्तम आहे. समितीने ती अठरावे निदान म्हणून लिहून घेतली आहे. सूचना करणाऱ्यांपैकी कोणीही अद्याप गोदूबाईंच्या डोळ्याचे काय झाले हे विचारलेले नाही, तेव्हा त्यांना सभासद करून घेण्यास समितीची हरकत नाही.