स्पोर्ट, सुपर स्पोर्ट आणि मागची सीट

गाडीतलं मला कळतं! हे वाक्य मी गडचिरोलीत इतक्या जणांना ऐकवलं होतं की, हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसला. त्याला आधार होता. आमच्या कचेरीत साहेबांकडे मोटारींचं एक इंग्रजी मासिक यायचं. त्यांचं वाचून झालं की ते माझ्या टेबलावर टाकायचे आणि मी त्यातली चित्रं अगदी मन लावून पाहायचो. शिवाय कचेरीची जीप मी एकदा स्वतः चालवली होती. आवारातल्या आवारात, चिंचेला वळसा घालून जागच्या जागी आणून लावली. चिंचेला काहीही झालं नव्हतं.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांनी मोटार घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायकोने, म्हणजे सुगंधाने, माहेरी जाऊन हेच वाक्य सांगितलं. झालं. गाडी निवडायचं काम जावयाकडे आलं.

सासरे सोमाजी म्हणजे चामोर्शी आणि मुलचेरा यांच्या मधल्या एका गावातले धानाचे मोठे शेतकरी आणि शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, भारी शौकीन. त्यांची पाखऱ्या-बांड्याची जोडी पटावर पळायला लागली की दुसऱ्या जोड्यांचे मालक बिड्या विझवून उभे राहत. अशा माणसाला मोटार कशाला हवी, असं कुणालाही वाटेल. मोटार त्यांना नकोच होती. ती हवी होती सासूबाईंसाठी.

सासूबाईंचे, म्हणजे मनकर्णामामींचे, गुडघे गेले होते. मागल्या साली एसटीच्या पायरीवर त्या अडकल्या. आतून कंडक्टरने हात धरून ओढलं, खालून दोन अनोळखी बाप्यांनी पाठ लोटली, आणि सगळी गाडी हसली. तेव्हापासून त्यांनी एसटीचं नाव टाकलं. बैलगाडीचे धक्के कंबरेला सोसत नव्हते. आणि तिकडे मुलचेऱ्याला त्यांची धाकटी बहीण रुखमा, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दर बाजाराला कुणाबरोबर तरी तिचा निरोप यायचा की, बाई, मले दिसते तवरीक एकदा येऊन जाय.

मामींनी माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. "जावईबापू, मले गाडीतलं काई समजत नाई. मागं नीट बसाले जागा असन त झालं." मी म्हटलं, मामीजी, तुम्ही निश्चिंत राहा. त्या बिचाऱ्या खरंच निश्चिंत राहिल्या.

चंद्रपूरला बापूराव नावाचे एक गॅरेजवाले होते. त्या साली जिच्यासाठी लोक नंबर लावून बसले होते, ती मागचं दार वर उघडणारी छोटी मारुती. तशा दोन जुन्या लाल गाड्या त्यांनी कुठूनशा आणल्या होत्या आणि आपल्या हाताने त्यांना 'स्पोर्ट' केलं होतं. एकीला अंगभर दोन काळे पट्टे आणि मागच्या दारावर पत्र्याची शेपटी. दुसरीला रुंद टायर, कपाळावर दोन पिवळे दिवे आणि पाच सुरांचा हॉर्न. एक 'स्पोर्ट', दुसरी 'सुपर स्पोर्ट', एवढं बापूरावांनी सांगितलं. यातली सुपर कुठली, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तुम्हाला आवडेल ती!

मला अर्थातच रुंद टायरवाली आवडली. माझा साळा, सुगंधाचा भाऊ गुलाब, बरोबर होता. तो ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे त्यालाही मोटारीतलं कळतं असा त्याचा एक गैरसमज होता. त्याने शेपटीवाली धरली. शेपटीने गाडी जमिनीला चिकटून राहते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ट्रॅक्टरला कुठे शेपटी असते? तो म्हणाला, भाऊजी, जीपला तरी पिवळे दिवे कुठी असते? अशा अभ्यासपूर्ण चर्चेत दुपार गेली. शेवटी बापूरावांनी, सोमाजीभाऊंच्या शब्दावर, दोन्ही गाड्या आमच्या हवाली केल्या. चार दिवस चालवून पाहा, आवडेल ती ठेवा, दुसरी परत द्या. त्यांच्या दोन माणसांनी त्या गावात आणून सोडल्या आणि ती माणसं एसटीने परत गेली.

अंगणात दोन लाल गाड्या उभ्या राहिल्या, आणि गाव लोटलं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन्हींना कुंकू लावलं. मग त्यांनी त्यांच्याभोवती हळूहळू एक फेरी मारली, एकीच्या पाठीवर थाप दिली, दुसरीच्या टायरला पायाने ढोसून पाहिलं, आणि मला विचारलं, "बोला बापू, कोणती?"

मी सुपर म्हणालो. गुलाब शेपटी म्हणाला. अर्धं गाव माझ्याकडून, अर्धं त्याच्याकडून. मामी ओसरीत बसून जुन्या लुगड्यांची एक लहान वाकळ शिवत होत्या, मागच्या सीटवर अंथरायला. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. आता सांगताना लाज वाटते, पण त्या वेळी मला ते आठवलंसुद्धा नाही.

भांडण मिटेना, तेव्हा मामाजींनी आपला नेम काढला. "मी जोडी कधी दात पाहून घेतली नाई. पटावर पळवली, पुढं आली ते घेतली. परवा आपला पट हाय. पळवा दोघीयले."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी मान डोलावून म्हटलं, हरकत नाही. परदेशात असंच करतात!

पटाच्या आदल्या संध्याकाळी मला मासिकातलं एक चित्र आठवलं. शर्यतीच्या गाड्यांत मागच्या सीट नसतात, वजन कमी व्हावं म्हणून. मी पाना घेऊन गुपचूप सुपरची मागची सीट काढली आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात लपवली. पण गुलाबची नजर माझ्यावर होतीच. त्यानेही शेपटीवालीची सीट काढून गोठ्यात टाकली. सकाळपर्यंत म्हशीच्या वगारीने तिचा फोम खाऊन नुसत्या तारा ठेवल्या होत्या.

सकाळी मामी वाकळ घेऊन आल्या. वाकळ पुरी झाली होती, कडेला हिरवी पट्टी लावलेली. अंथरून कशी दिसते ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी सुपरचं दार उघडलं आणि आत नुसता पत्रा पाहिला. त्यांनी हात आत घालून तो चाचपला.

"काऊन जी," त्या हळूच म्हणाल्या, "आता मी बसाच कुठी?"

मी हसून म्हटलं, मामीजी, पाच मिनिटांचं काम आहे, संध्याकाळी परत बसवतो, उद्या सकाळी तुम्ही मुलचेऱ्याला. त्या बरं म्हणाल्या. वाकळ घडी करून काखेत घेतली आणि तशाच, सुगंधाच्या आधाराने, पट पाहायला निघाल्या.

कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून पटाच्या दोन सरळ वाटा काढल्या होत्या, शेजारी शेजारी. उजवीकडे पुढे बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. तिच्यात माघ असूनही गुडघाभर पाणी होतं, आणि त्याखाली किती चिखल होता ते मला पुढे कळणार होतं. डावीकडे पुढे रात्रीच्या नाटकाचा मंडप, मागे राजमहालाचा रंगवलेला पडदा ताणलेला. भोंग्यावर चैतू बोलत होता. तो नाटकात राजाचं काम करायचा, त्यामुळे साधी सूचनासुद्धा सिंहासनावरून दिल्यासारखी द्यायचा. त्याने जाहीर केलं की बैलांचे सगळे पट झाले, सोमाजीभाऊंच्या पाखऱ्या-बांड्याने पहिला नंबर मारला, आणि आता होणार मोटारींचा पट!

शेपटीवाली डाव्या वाटेवर, मी उजव्या. माझ्या शेजारच्या काचेपाशी मामाजी आले. त्यांनी आरशाला घुंगरमाळ बांधली आणि एकच सल्ला दिला. पटावर लगाम खेचायचा नसतो. मी ब्रेकबद्दल काही विचारणार होतो, पण ते गेले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला उतरून पळून जावंसं वाटलं. चिंचेला वळसा घालताना मी जीप पहिल्या गिअरच्या पुढे नेली नव्हती. पण दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, सुगंधा हात हलवते आहे, आणि पोरं माझ्या नावाने ओरडताहेत. ऊर भरून आला. लोकांना काहीतरी द्यावं असं वाटलं. म्हणून मी पाच सुरांचा हॉर्न दाबला.

आता पटाच्या बैलांची एक गोष्ट असते. सुटायच्या रेषेवर मागून डबे वाजवतात, आरोळ्या ठोकतात, आणि आवाज झाला की जीव घेऊन पळायचं, हेच त्यांना शिकवलेलं असतं. पाखऱ्या आणि बांड्या माझ्या मागेच उभे होते, गळ्यात हार घालून. कासरा बुधूच्या हातात होता. बुधू मामाजींचा घरचा गडी, पण या वेळी तो तोंड उघडं टाकून मोटारी पाहत होता. माझा हॉर्न वाजला आणि बैलांना वाटलं, आणखी एक पट आहे.

तेवढ्यात झेंडा पडला. मी क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली, घुंगरमाळ खणखणली, आणि आम्ही निघालो. गुलाब माझ्या पुढे जायला लागला. मी पाय दाबला. आणि मग दोन गाड्यांच्या मधून, हार उडवत, शेपट्या वर करून, पाखऱ्या-बांड्या आम्हा दोघांनाही मागे टाकून गेले.

मोटारींकडे कुणी पाहीना. मामाजी तर मोटारी विसरून, धोतर सावरत, बैलांच्या नावाने ओरडत धावत सुटले. मीही बैलांकडेच बघत राहिलो, आणि गाडी माझ्याकडे न बघता बोडीकडे निघाली. ब्रेकवर पाय ठेवला होता असं मला आजही वाटतं. तो ब्रेक नव्हता. बांध आला, आम्ही त्यावरून उडालो, पिवळ्या दिव्यांनी आधी आकाश पाहिलं आणि मग बोडीचा तळ.

पाणी दारातून आत आलं. शांतता झाली. त्या शांततेत हॉर्न आपोआप वाजायला लागला, पाचही सूर, आणि थांबेचना.

गुलाबने बैलांना वाचवायला चाक डावीकडे फिरवलं आणि तो राजमहालात शिरला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण मंडपाचे बांबू गाडीच्या शेपटीत असे गुंतले की ती मागेही येईना, पुढेही जाईना. त्या रात्री चैतूराजाने बोनेटवर बसूनच न्यायनिवाडा केला. आत्ता मात्र भोंग्यावर त्याने निकाल सांगितला. मोटारींच्या पटात पहिला नंबर, सोमाजीभाऊंची जोडी!

मला चार माणसांनी ओढून काठावर आणलं. चिखल केसांपर्यंत होता आणि मी थंडीने कुडकुडत होतो. गाव हसत होतं. एसटी हसली होती तसंच, असं मला वाटलं, आणि मान खाली गेली. तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्यांवर काहीतरी पांघरलं. मऊ होतं, कडेला हिरवी पट्टी. मामी माझं डोकं पुसत होत्या, आणि लागलं त नाई ना, लागलं त नाई ना, एवढंच विचारत होत्या. त्या रागाचा एक शब्द बोलल्या असत्या तर मी उपकार मानले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव आले. त्यांनी बोडीतली सुपर पाहिली, महालातली स्पोर्ट पाहिली, आणि फार सभ्यपणे म्हणाले, आता निवडायचा त्रास राहिला नाही, दोन्ही तुमच्याच. मामाजी हो म्हणाले. शब्द दिला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मामी ओसरीत गाठोडं घेऊन बसल्या होत्या. ते आदल्या दिवसापासून बांधलेलं होतं. रुखमाला काय निरोप द्यायचा, असं सुगंधाने विचारलं, तर त्यांनी गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मला तिथे उभं राहवेना म्हणून मी तणसाच्या ढिगाकडे गेलो, आणि पायाला काहीतरी लागलं. सुपरची मागची सीट! कोरडी, धड, जशीच्या तशी. मी ती डोक्यावर घेऊन अंगणात आलो. गुलाबने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा बैलगाडीकडे, आणि दोर आणायला गेला.

मामी सीटवर बसल्या. खाली तणस, त्यावर सीट. वाकळ धुऊन दांडीवर वाळत होती, म्हणून तशाच बसल्या. मामाजींनी पाखऱ्या-बांड्याला जुंपलं. मी मागून पायी निघालो, तर मामी थोड्या सरकल्या. "या ना जी जावईबापू, दोघायची जागा हाय."

बसलो. रस्त्यात पटाला आलेली माणसं भेटत होती आणि प्रत्येक जण विचारत होता, सोमाजीभाऊ, मंग कोणती घेतली? मामाजी मागे न बघता म्हणत, "दोनी."

मुलचेरा दिसायला लागलं. वाटेत दगड होते, नाले होते, पण मामींची कंबर एकदाही दुखली नाही. त्या सीटवर जराशा वरखाली होऊन पाहत होत्या, तोंडावर पोरीसारखा आनंद होता. दूर एका दारात रुखमामावशी डोळ्यांवर हात धरून उभी दिसली, आणि तिने तिथूनच बहिणीला ओळखलं. मामींनी हात वर केला. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, त्यांनी विचारलं,

"लई बेस हाय जी जावईबापू, ही सीट. मंग बाकीची मोटार कायले घेतली?"

गाडीतलं मला कळतं. पण मी बैलांकडे पाहत बसलो.