जांभळं खाऊन मेलेला दाढीवाला

“पंचेचाळीस दिवस झाले म्हणे बेटावर अडकून, आणि केस बघ हिचे! आमच्याकडे दोन दिवस नळ नाही आला, तर माझ्या वेणीचा सुंभ होतो, बाप्पा.”

यमुनाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. एपिसोड अजून सुरू झाला नव्हता, पडद्यावर नुसतं पोस्टर होतं. लाल केसांची बाई, मागे समुद्र आणि खडकावर फुटलेली बोट. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या त्या घरात रविवारी दुपारी चार वाजता तिघांच्या सोफ्यावर एकाच पांघरुणाखाली चौघं बसली होती. एका टोकाला रिमोट घेऊन अंशुमन, मग त्याची तेरा वर्षांची लेक तनू, मग अर्चना, आणि तिला खेटून सासूबाई. मंगळवारीच नागपूरहून आलेल्या.

“आणि तो दाढीवाला,” यमुनाबाईंनी आवाज आणखी खाली आणला, “कशानं मेला म्हणालीस? जांभळं ना?”

“जांभळं,” अर्चना म्हणाली. तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

कारण दाढीवाला मेलेला नव्हता. दाढीवाला ठणठणीत होता. तिसऱ्या सीझनच्या या शेवटच्या, दहाव्या एपिसोडमध्ये तो असणार होता, आणि भरपूर असणार होता, कारण तो मालिकेचा हीरो होता. त्याला मारलं होतं ते अर्चनानं.

चौदा वर्षांत या सासू-सुनेचं फोनवरचं बोलणं एकूण तीन वाक्यांचं होतं. ‘जेवलात का?’, ‘थंडी आहे का तिकडे?’ आणि ‘देते हं अंशुमनला.’ भांडण कधीच झालं नाही. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. मग जुलैमध्ये यमुनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, डॉक्टरांनी टीव्ही आणि वाचन बंद केलं, आणि बत्तीस वर्षं गणित शिकवलेली ती बाई घरात येरझाऱ्या घालायला लागली. “तू तरी आईशी काहीतरी बोलत जा गं,” असं सांगून अंशुमन दर रविवारी तनूला बॅडमिंटनला घेऊन जायचा. बोलायला काही सापडेना, म्हणून अर्चनानं शुक्रवारी पाहिलेला बेटाचा एपिसोड सांगितला. यमुनाबाईंनी विचारलं, “मग?”

चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा ‘मग?’ विचारलं होतं. तो फोन पाऊण तास चालला.

चौथ्या एपिसोडला घात झाला. आठवडाभर दवाखान्याच्या रिसेप्शनवर लोकांची बोलणी खाऊन अर्चना सोफ्यावर बसली ती दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागली. नंतर अंशुमनला विचारता आलं असतं, पण तो गोष्ट सांगत नसे, थिअरी सांगत असे, आणि ती एपिसोडपेक्षा लांब असे. रविवारी फोन लावला. “तो दाढीवाला नाही आवडत मला,” यमुनाबाई सुरुवातीलाच म्हणाल्या. “जो भेटेल त्याला शिकवून राहिला. काय झालं त्याचं?”

“मेला,” अर्चना म्हणाली.

“हो? कसा?”

समोर फळांच्या टोपलीत काळी द्राक्षं होती. “जांभळासारखं काहीतरी खाल्लं, आई. विषारी निघालं.”

“सुटली बिचारी माणसं,” यमुनाबाई म्हणाल्या, आणि इतक्या मनापासून हसल्या की अर्चनाही हसली. आता मेलेला माणूस पुढच्या रविवारी उठवणार कसा? म्हणून त्याचा सुरा लाल केसांच्या बाईला मिळाला. तिनं चूल घातली, माणसांना वेळेवर जेवायला लावलं. बेटावर रोज ठरल्या वेळी एक घंटा वाजे, ती कोण वाजवतं हे मालिकेनं तीन सीझन सांगितलं नव्हतं, ते अर्चनानं आठव्या रविवारी सांगून टाकलं. बेटाच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. आपण आहोत हे कुणाला तरी कळावं, म्हणून वाजवते.

यमुनाबाईंनी त्या दिवशी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “पुढच्या रविवारी जरा लवकर कर फोन.”

आणि आता त्या डोळे स्वच्छ करून इथे बसल्या होत्या. “शेवटचा एपिसोड आईसोबत बघायचा!” हे अंशुमननं विमानतळावरच जाहीर केलं होतं. पहिल्यांदा कुठे त्या सुनेचा शब्द धरून बसल्या होत्या, आणि तो शब्दच खोटा निघणार होता.

“लावतो हं,” अंशुमन म्हणाला. “सबटायटल्स ऑन.”

आधी मागच्या भागांची झलक होती. त्यात दाढीवाला असणारच. अर्चना ताडकन उठली, चिवड्याचा ट्रे उचलला आणि टीव्हीसमोर उभी राहून वाटायला लागली. एकेकाला, सावकाश, चमच्यानं.

“अगं, तू काचेची नाहीस,” अंशुमन वैतागला. “बाजूला हो ना!”

“शेंगदाणे हवेत का, आई? काजू?”

“माझ्या वाटीत चार चमचे झाले,” यमुनाबाई म्हणाल्या. “पाचवा वर ठरणार नाही.”

झलक संपली. पहिली पाच मिनिटं लाल केसांची बाई एकटीच किनाऱ्यावरून चालत होती. सहाव्या मिनिटाला झाडीत काहीतरी हललं. अर्चना खोकली. ही तनूसाठी खूण होती. तनूला सकाळीच विश्वासात घेतलं होतं, मैत्रिणीकडे एक रात्र स्लीपओव्हरला सोडण्याच्या बोलीवर. तनू बाथरूमला म्हणून उठली आणि जिन्याखालच्या कपाटातला राउटर बंद करून आली. पडद्यावर चकती फिरायला लागली.

“ओ नो,” तनू म्हणाली. “वायफाय गेली. माझा चूक नाही.”

“तुझी चूक आहे असं म्हटलं कुणी?” यमुनाबाईंनी विचारलं.

“कुणी नाही, आजी. मी जस्ट सांगते.”

अर्चनाला वाटलं होतं, आता अर्धा तास जाईल, मग चहा, मग आईंना झोप लागेल. पण आयटीतल्या माणसाच्या घरात वायफाय बंद पडणं म्हणजे वैद्याच्या घरात शिंक. अंशुमन उत्साहानं उठला, दीड मिनिटात फोनवरून नेट जोडलं आणि एपिसोड पुन्हा लावला. तो पहिल्यापासून लागला. झलकेसकट.

ट्रे तर रिकामा झाला होता. अर्चना रिकामा ट्रे घेऊनच टीव्हीसमोर उभी राहिली.

“आता काय?”

“वाट्या गोळा करते.”

“खाऊ दे ना त्यांना!”

यमुनाबाईंनी आपली भरलेली वाटी मांडीवर ओढून घेतली. त्या मान कलती करून सुनेकडे बघत होत्या, फळ्यावर उत्तर चुकत चाललेल्या मुलीकडे बघावं तसं.

उरला एकच उपाय. “पापड भाजते,” म्हणून अर्चना स्वयंपाकघरात गेली आणि पापड आचेवर धरून ठेवला. आधी तो भाजला, मग काळा झाला, मग पेटला. छताचा अलार्म किंचाळायला लागला. अंशुमन धावत आला, खुर्चीवर चढला आणि टी टॉवेलनं वारा घालायला लागला. “खिडकी उघड! तनू, मागचं दार! अर्चना, एक पापड भाजताना...” तनू दाराकडे पळाली. अर्चना खिडकीशी झटत होती. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

फक्त टीव्ही कुणीच थांबवला नव्हता.

हे लक्षात येताच अर्चना बाहेर धावली. यमुनाबाई सोफ्यावर एकट्याच होत्या. समोर, पडदाभर, दाढीवाला होता. तो कुणाला तरी काहीतरी शिकवत होता.

अलार्म बंद झाला. घरात इतकी शांतता पसरली की दाढीवाल्याचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“आई,” अर्चना म्हणाली, “तो... त्याचा जुळा भाऊ आहे.”

“कुणाचा जुळा भाऊ?” टॉवेल खांद्यावर टाकून अंशुमन आत आला. “हा तोच आहे. कॅलम.”

“हो का?” यमुनाबाई म्हणाल्या.

“म्हणजे बघ आई, इथे दोन टाइमलाइन आहेत. एकीत तो आहे आणि एकीत तो असून नाही.”

अर्चनानं बुडत्यासारखी ती काडी पकडली. “तेच! ज्या टाइमलाइनमध्ये तो गेला, ती मी तुम्हाला सांगत होते.”

“गेला कधी?” अंशुमन गोंधळला. “नाही, म्हणजे एका अर्थानं गेलाच. इंटरनेटवर अशी एक थिअरी आहे...” आणि तो अर्धा तास बोलला. बायकोचं खोटं तो आपल्या विद्वत्तेनं शिवून देत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. अर्चना अधूनमधून “बरोबर” म्हणत होती. तेवढ्यात यमुनाबाईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आत समास आखलेला होता, आणि रविवारच्या फोनवर ऐकलेलं मोठ्या अक्षरांत टिपलेलं होतं.

“पान सात,” त्यांनी चष्मा लावला. “एपिसोड चार. दाढीवाला, जांभळं खाऊन. नाव खोडलं. पान अकरा. लाल केसांच्या बाईनं चूल घातली. पान सोळा. घंटेची म्हातारी.”

“कसली जांभळं?” अंशुमन म्हणाला. “कुठली म्हातारी?”

तनूनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. अर्चनानं रिकामा ट्रे पुन्हा उचलला. तेवढ्यात पडद्यावर घंटा वाजली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. गुहेतलं लोखंडी दार तीन सीझननंतर एकदाचं उघडलं. आत पांढरा प्रकाश होता. दाढीवाला त्या प्रकाशाकडे बघून म्हणाला, “अच्छा, म्हणजे हे असं आहे तर.” आणि पडदा काळा झाला. नावं वर सरकायला लागली.

कुणी हललं नाही.

“जबरदस्त,” अंशुमन क्षीण आवाजात म्हणाला.

“अंशुमन,” यमुनाबाईंनी वही मिटली. “घंटा कोण वाजवतं?”

“आई, ते सिम्बॉलिक आहे. म्हणजे घंटा हा एक प्रकारे काळच आहे, आणि दार...”

“बत्तीस वर्षं पेपर तपासले मी. उत्तर येत नसलं की पोरं पुरवण्या फार घेतात.” त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “खरं सांगा. यातलं काही कळून राहिलं का कुणाला?”

पांघरुणातून आवाज आला, “मला पहिली सीझनपासून काय पण नाही कळला, आजी.”

अंशुमननं खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. “नाही,” तो म्हणाला. “खरं तर... नाही.” आणि तीन वर्षांचं ओझं उतरल्यासारखा सोफ्यात बसला.

आता अर्चनाचीच पाळी होती. “आई, मी चौथा एपिसोड बघितलाच नाही. झोपले होते. दाढीवाल्याला मीच मारला. चूल, म्हातारी, सगळं माझंच. खोटं बोलले मी तुमच्याशी. सहा आठवडे.”

“ठाऊक आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “डोळे बरे झाले, त्याच आठवड्यात शेजारच्या दियानं मोबाइलवर लावून दिलं होतं. पहिल्याच मिनिटाला दाढीवाला उभा. मी बंद कर म्हटलं तिला.”

“मग बोलला का नाहीत?” अर्चनाला रडावं की हसावं कळेना. “मघापासून मी ट्रे घेऊन, पापड जाळून...”

“पापडाचं मला वाटलं नव्हतं हो, एवढ्यावर जाशील.” त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, “बोलले असते, तर पुढच्या रविवारपासून खरं सांगायला लागली असतीस. मग काय, पुन्हा आपलं ‘जेवलात का’ आणि ‘थंडी आहे का’. चौदा वर्षं तेच केलं ना आपण दोघींनी? मला नाही आता ते जमत, अर्चना. सांग. त्या म्हातारीचं पुढे काय झालं?”