न सांगता डोळे मिटणारा लॅपटॉप

"आई, लिहा," जावईबापू म्हणाले. "ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असा या शहरातला एकमेव खासगी गुप्तहेर आज पुन्हा मैदानात उतरला आहे."

सासूबाईंनी वही उघडून लिहिलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे त्यांचं अक्षर सुरेख होतं, आणि कुणी काहीही सांगितलं तरी न हसता ऐकून घ्यायची सवयही होती. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान होतं. गुप्तहेरगिरी फक्त सुट्टीच्या दिवशी. या घटकेला चष्मा त्यांच्या कपाळावर होता आणि ते तो टेबलाखाली शोधत होते.

"कपाळावर आहे," सासूबाई म्हणाल्या. "हेही लिहू?"

"नको. केस सांगा."

केस त्यांच्या लेकीची होती. ती भाषांतरं करायची. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पाचच्या आत पाठवलं नाही, तर पुढची दोन पुस्तकं प्रकाशक दुसऱ्या कुणाला देणार होता. आणि लॅपटॉप सकाळपासून दोनदा, हूं की चूं न करता, बंद पडला होता. दुसऱ्यांदा तर दोन पानं गिळून.

"माझं टेबल खिडकीशी आणि प्लग पार दाराशी," लेक म्हणाली. "एरवी 'बॅटरी कमी आहे' असं यायचं, मग मी उठून प्लगपाशी बसायचे. मी नाही उठले तर तो आपोआप झोपायचा, पण लिहिलेलं जपून ठेवायचा. आता एकदम अंधार! अहो, तो चार्जर द्या ना इकडे."

"मुद्देमाल आहे तो," जावईबापू म्हणाले. चार्जर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली होती.

"पंधरा मिनिटं देते. मग मी तो हिसकावून घेणार."

पंधरा मिनिटांत जावईबापूंनी तीन गुन्हेगार पकडले. पहिलं, वरच्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं यंत्र. ते भिंतीतून वीज ओढतं म्हणे. दुसरा, दुकानातल्या भिंगाखाली कळफलकात सापडलेला बिस्किटाचा कण. तिसरं, लॅपटॉप ज्यावर चालतो ते स्वतः लिनक्स.

"फुकट मिळालं तेव्हाच मला संशय आला होता," ते म्हणाले.

"तुम्हीच घातलंत ते," लेक म्हणाली. "आठ दिवस मिरवत होतात."

"गुन्हेगार घरात घुसतो तो ओळखीच्या माणसाचा हात धरूनच!"

सासूबाई हे लिहून घेता घेता थांबल्या. लॅपटॉपचं 'झोपणं' आपण याआधीही लिहिलंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी वहीची मागची पानं चाळली. प्रकरण सातवं सापडलं. गुप्तहेरांनी तडीस नेलेलं एकमेव प्रकरण. सासूबाईंनी त्यावर कौतुकाने लाल शाईत 'उकलले' असं लिहिलं होतं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "गुप्तहेरांचे व्याख्यान रंगात आले असता लॅपटॉप झोपी गेला. उपाय: बॅटरी कमी असल्याचे इशारे बंद केले. बॅटरी अगदी संपत आल्यावर काय करावे, या प्रश्नापुढे 'काहीही करू नये' हे उत्तर निवडले. आरोपी पुन्हा कधीही झोपणार नाही."

वरचं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"म्हणजे आई," जावईबापू हळूच म्हणाले, "गुन्हेगार घरातलाच."

"चष्म्यासकट," लेक म्हणाली. "आधी गाठ सोडा!"

गाठ त्यांनी दातांनी सोडली. सेटिंग पूर्ववत करताना त्यांचे कान लाल झाले होते. बायकोच्या दोन पानांचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. तिने फक्त मान हलवली, कारण दाराशी, प्लगपाशी बसून तिचे दोन्ही हात टाइप करण्यात गुंतले होते. काम आटोपून ती लॅपटॉप घेऊन खिडकीशी परतली, शेवटचं वाचून घ्यायला. पावणेपाचला पडद्यावर 'बॅटरी कमी आहे' असं आलं मात्र, जावईबापू चार्जर आणि दुकानातली लांब वायर घेऊन धावले. पाचला पाच मिनिटं असताना पुस्तकाचं प्रकरण प्रकाशकाला गेलं.

सासूबाईंनी लाल पेन काढलं, सातव्या प्रकरणावरचं 'उकलले' खोडलं आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं: 'पुन्हा करून आणा. पालकांची सही आवश्यक.'

जावईबापूंनी वही मुकाट्याने बायकोपुढे धरली.