न उघडायचं लोणचं

"ट्यूमर आहे," असं भोरच्या डॉक्टरांनी म्हटलं आणि उत्रोलीच्या हनुमंताचे कान तिथेच बंद झाले. त्याची बायको सुलक्षणा, जिच्या खांद्यावरची लिंबाएवढी गाठ डॉक्टरांनी नुकतीच काढली होती, ती मात्र सगळं नीट ऐकत होती.

"ट्यूमर म्हणजे गाठ," डॉक्टर सांगत होते. "काही गाठी जागच्या जागी बसून राहतात, काही अंगात पसरतात. पसरणारी असली तर तिला कॅन्सर म्हणायचं. ही मला साधी वाटते, तरी पुण्याला तपासून घेऊ. शुक्रवारी लॅबचा माणूस येईल, तो नेईल."

"शुक्रवारी?" मंगळवारीच हनुमंत रडकुंडीला आला होता. "साहेब, तवर माझाच जीव जाईल. द्या हिकडं, म्या नेतो!"

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, पण शेवटी त्यांनीच हार मानली. गाठ औषधाच्या पाण्यात घालून, पांढऱ्या बरणीवर सुलक्षणाचं नाव आणि लॅबचा पत्ता चिकटवून त्यांनी ती त्याच्या हाती दिली. "वाटेत उघडू नका," असंही बजावलं. भोरच्या एका साडीच्या दुकानाची गुलाबी पिशवी निम्म्या तालुक्याच्या घरात आहे. त्याच पिशवीत बरणी घालून हनुमंत एस्टीत बसला. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

शेजारी वरव्याच्या अक्काबाई होत्या. माहेराहून परत निघालेल्या, पायाशी तसलीच गुलाबी पिशवी. एस्टीत शेजाऱ्याच्या पिशवीची चौकशी न करणं हा आपल्याकडे उद्धटपणा समजतात.

"काय नेतोयस, बाबा?"

हनुमंताला खरं सांगवेना. "लोणचं हाय, मावशी."

"कशाचं?"

"करवंदाचं."

"डिसेंबरात करवंदं?"

"उन्हाळ्यातलं हाय."

"मग झ्याक मुरलं असंल. दे की चाखायला. माझ्याबी पिशवीत भावजयीनं दिलेलं आंब्याचं हाय, तुला देते."

"न्हाई, मावशी! डॉक्टरनं उघडू नगा म्हणून सांगितलंय."

अक्काबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ओंजळभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. शेंगा फोडायला हात लागतात, म्हणून पिशवी पायाशी गेली.

वरवे आलं. म्हातारं माणूस, एस्टीत गर्दी, आणि हनुमंत पडला सज्जन. तो उठला, लोकांना बाजूला सारून त्याने अक्काबाईंना दारापर्यंत पोचवलं, आणि त्या उतरल्यावर स्वतःच्या हाताने त्यांची पिशवी खाली दिली.

पुण्याच्या लॅबमध्ये रश्मी नावाच्या मुलीने बरणीचं झाकण काढून वास घेतला.

"काका, हे आंब्याचं लोणचं आहे."

हनुमंताने बरणीत वाकून पाहिलं. "दुसरा तुकडा पाठवता येईल?" तिने विचारलं. कुठला येणार? गाठ सगळीच काढली होती. आता ती साधी की कॅन्सरची, हे कोणालाच, कधीच कळणार नव्हतं. सुलक्षणाच्या अंगातून निघालेली एवढीशी वस्तू, तीही आपल्याला नीट नेता आली नाही, या विचाराने त्याला रडूच कोसळलं. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"अवं, पोचली का बरणी?"

"पोचली," हनुमंत म्हणाला. बरणी पोचली होती, त्यात खोटं काही नव्हतं.

लोणचं तिथेच टाकून तो उलट पावली निघाला. वरव्यात उतरून गुलाबी पिशवीवाल्या म्हातारीची चौकशी केली, तेव्हा लोकांनी त्याला एकामागून एक चार घरं दाखवली. पाचव्या घरी अक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, बरणी! उघडली न्हाई ना?"

"उघडायची न्हाई म्हणलावतास न्हवं? सुनंनं गाडीवर पुण्याला नेली. पत्ता हुताच की वर. आत्ताच तिचा फोन आला, दिली म्हणून."

हनुमंत ओट्यावर टेकला. "तुमाला कसं कळलं, मावशी?"

"डॉक्टरनं उघडू नगा म्हणलेलं लोणचं म्याबी नेलंय की. धा वर्सं झाली."

"मग? साधी निघाली गाठ?"

"न्हाई. माझी कॅन्सरची निघाली."

अक्काबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तोंड काय बघतोस? येळेवर कळलं, औषधं केली. केस गेले, फिरून आले. औंदाबी भात म्याच लावला. गाठ दिसली की कॅन्सर म्हणू नगंस, आन् कॅन्सर निघाला तरी लगीच लाकडं गोळा करू नगंस. जेवलास का?"

तो जेवला. दिवसभरात पहिल्यांदा.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "चरबीची साधी गाठ आहे."

"म्हंजे ट्यूमर न्हाई?"

"ट्यूमरच आहे. कॅन्सर नाही."

"तवाच सांगत हुते त्ये," सुलक्षणा म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून रडली. आठ दिवस ती त्याला धीर देत होती. तिचं रडायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या रविवारी दोघं अक्काबाईंसाठी इंद्रायणी तांदूळ घेऊन एस्टीने निघाले. समोरच्या बाकावर एक टोपीवाले गृहस्थ होते. मांडीवर गुलाबी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर.

"काय हाय, पाव्हणं?" हनुमंताने विचारलं.

"लोणचं."

हनुमंताने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नगा. समद्याच गाठी कॅन्सरच्या नसत्यात. आन् निघालाच, तरी वरव्याला आमच्या मावशी हाईत..."

"कसली गाठ? भोकराचं लोणचं हाय!" गृहस्थांनी झाकण उघडून बरणी थेट त्याच्या नाकाखाली धरली. एस्टीभर हिंगाचा वास सुटला. सुलक्षणा खांद्याचे टाके सांभाळत पोट धरून हसत सुटली. गृहस्थ बरणी घेऊन तडक मागच्या बाकावर गेले.

नसरापूर फाटा गेला तसे ते परत आले आणि हळूच समोर टेकले.

"पाव्हणं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळींच्या मानंला गाठ हाय. सा म्हैनं झालं, भ्यानं कुणाला दावत न्हाईत. तुमी मगाशी काय म्हणत हुता?"

हनुमंत सरकला आणि बाकावर त्यांना जागा करून दिली. "आधी डॉक्टरला दावा," तो म्हणाला. "आन् बरणी दिली, तर माझ्याकडं देऊ नगा."