डोहातल्या 'ती'चं बारसं

एका जंगलात एका सिनेमाच्या भाग दोनचं वाटोळं झालं. ते झिपरेआबा अस्वलाने केलं. मुलांनो, नाव आधीच सांगून टाकतो. मोठ्यांची चूक गोष्टीच्या शेवटी गेली की ती 'आपल्या सगळ्यांची' होते.

पहिला भाग साळी नावाच्या सायाळीने काढला होता. त्यात एक डोह, पाण्यावर तरंग आणि एक हाक, "येतोस ना?" हाक मारणारी शेवटपर्यंत दिसली नाही. तिला नाव नव्हतं. सगळे नुसतं 'ती' म्हणायचे, तेही इकडेतिकडे बघून.

सिनेमा पाहिल्यापासून पिल्लं डोहाकडे फिरकेनात. ओढ्यावर पाणी पिऊ लागली. डोहात खरीखुरी मगर होती. ती वाळत चालली.

मग आबा म्हणाले, "भाग दोन मी काढणार. लोकांना कळायला नको? ती कोण, कुणातली, माहेर कुठलं?"

"आबा, स्थळ बघताय का?" साळी म्हणाली. "पहिल्याहून मोठी भीती असेल तर दुसरा भाग काढा. नसेल तर गप्प बसा. आणि तिला नाव तर देऊच नका."

"शाळा अर्धी सोडलीस, आणि मला शिकवतेस? मी किती पावसाळे पाहिलेत."

"गुहेत बसून."

आबांनी ऐकलं नाही. भाग दोन सुरू झाला तोच बारशाने. पाळणा हलला, आत्याने कानात कुर्र केलं आणि हडळीचं नाव ठेवलं सुलभा. पुढे दोन तास तिची कर्मकहाणी. सासू खाष्ट, नवरा मेंगळट, सुलभा मनाने फार चांगली. शेवटी तिने उलट्या पायांनी फुगडी घातली.

पिल्लं खिदळत बाहेर पडली. "ए, चला सुलभाकाकूकडे पोहायला."

साळी वाटेत आडवी आली. "तिथे मगर आहे रे."

"हिचं काय ऐकता?" आबा म्हणाले. "अनुभव ज्याच्याकडे आहे त्याच्या मागून या."

पिल्लं रांगेने निघाली. आबा आधी पाण्यात उतरले, वळले आणि भाषण सुरू केलं. "तर बाळांनो, सुलभा ही आपलीच..."

मगरीने दोन्ही भाग पाहिले नव्हते. तिने मागचा पाय धरला. पिल्लं ओरडत पळाली. साळीने दोन रेड्यांना बोलावून आबांना ओढून काढलं. पाय डोहातच राहिला.

तात्पर्य : थोरांच्या पावलांवर पाऊल ठेवून चालावं. झिपरेआबांची आता तीन उरली आहेत.